रद्द झालेला गोल

"एक तर तो व्हिडिओवाला, नाहीतर ते वासरचं पोरगं," दिदिये म्हणाला. "दोघांतल्या एकाने आपला गळा कापलाय. कोणी कापला ते गाडी कोर्व्हियेला लागायच्या आत ठरवून टाकू. म्हणजे उतरल्यावर कुठे वळायचं त्यावर वाद नको."

डब्यातले दहा-बारा जण हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. दिदियेने मांडीवरच्या ढोलावर तळहात आपटला. मी मधल्या वाटेच्या पलीकडे, त्याच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो आणि कोणीतरी टाकून गेलेल्या वर्तमानपत्रातली बागकामाची पुरवणी वाचत होतो. मला बागकामातलं ओ की ठो कळत नाही. व्हिडिओवाला मीच होतो.

हे कसं झालं ते आधी सांगतो. मी इंद्रजित सरनोबत, मूळचा कोल्हापूरचा. नोकरीच्या पाठी लागून फ्रान्समध्ये गेलो आणि तिथल्या फुटबॉलच्या अव्वल साखळीसाठी चित्रफिती पुरवणाऱ्या एका कंपनीत चिकटलो. पॅरिसजवळ एका इमारतीत आमची खोली होती. मैदानावर सामना चालू असताना आम्ही त्या खोलीत पडद्यांसमोर बसायचो. वादाचा प्रसंग आला की व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पंच, म्हणायचे, "मागे घे, थांब, पुढे घे," आणि माझ्यासारखा माणूस मागे घ्यायचा, थांबायचा, पुढे घ्यायचा. ऑफसाइडची, म्हणजे पास निघतानाच आक्रमक शेवटच्या बचावपटूच्या पुढे, रेषेबाहेर असल्याची, शंका असेल तर पास देणाऱ्याच्या पायाला चेंडू लागला तो क्षण शोधायचा, तिथे चित्र थांबवायचं आणि बचावपटूच्या आणि आक्रमकाच्या अंगावरून रेषा ओढायच्या. निकाल पंच देत. बोट मात्र आमचं.

राहायला मी उत्तरेकडच्या कोर्व्हिये या गावात होतो, कारण माझी बायको शलाका तिथल्या बीटच्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत काम करायची. साखर कारखाने, कालवा आणि फुटबॉल, एवढंच ते गाव. आपल्या गावाच्या सामन्यावर बसायचं नाही असा आमच्याकडे नियम होता. पण हंगामाच्या शेवटच्या शनिवारी एक सहकारी आजारी पडला आणि साहेबांनी मला उचलून कोर्व्हियेच्या सामन्यासमोर बसवलं. नियमाची आठवण करून दिली तर म्हणाले, "तू काय तिथला आहेस होय? तू तर भारतीय."

त्या हंगामात कोर्व्हियेने गावाचा जीव टांगणीला लावला होता. शरद ऋतूत एक प्रशिक्षक गेला, हिवाळ्यात दुसरा. थंडीभर एक सामना जिंकला नाही. मग वसंतात कुठूनसा दम आला आणि सगळं शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपलं: जिंकलो तर अव्वल साखळीत राहू, नाहीतर खालच्या साखळीत. सामना लांब नैऋत्येला, परक्या मैदानावर. एक-एक बरोबरी असताना अगदी शेवटच्या मिनिटांत रेमी वासर नावाच्या वीस वर्षांच्या स्थानिक मुलाने गोल केला. कोर्व्हियेत म्हणे लोक चौकातल्या कारंज्यात उतरले होते. आणि मग आमच्या खोलीतून मैदानावरच्या पंचाच्या कानात निरोप गेला. गोल रद्द. ऑफसाइड. कोर्व्हिये खाली.

रविवारी सकाळी मी घरी जायला गाडीत बसलो. कंपनीचं जाकीट उलटं करून पिशवीच्या तळाशी कोंबलं होतं. मनात म्हटलं, समर्थक तिकडून बसने परस्पर जातील. पण त्यातला एक जथा रात्रीची गाडी पकडून पॅरिसला आला होता आणि नेमका माझ्याच डब्यात चढला. लाल-करडे गळपट्टे, तारवटलेले डोळे, दारूचा आणि घामाचा वास. गाडी सुटली तेव्हा मी सीटवर पडलेलं वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं.

घाबरायला कारण होतं. त्याच वसंतात घरच्या मैदानावर एक सामना गेला तेव्हा कोणीतरी क्लबच्या खजिनदाराची मोटार पेटवली होती, आणि पंचाला पावाच्या गाडीत बसवून मागच्या दाराने काढावं लागलं होतं. शिवाय मी कोल्हापूरचा. आमच्या तालमीतालमींच्या फुटबॉल सामन्यांत माझ्या चुलत्यांनी एकदा हौसेने लाइनमनचा झेंडा हातात घेतला होता, आणि संध्याकाळ भांड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर पातेल्यांमागे काढली होती. गर्दी चिडली की तिला नियम समजावून सांगता येत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

"पोराचीच चूक," दिदियेच्या समोर बसलेली कोरीन म्हणाली. ती पन्नाशीची बाई, खाटकाच्या दुकानात कामाला, हे तिच्याच बोलण्यातून कळलं होतं. "पाऊलभर मागे थांबला असता तर काय बिघडलं असतं? एवढी घाई कसली?"

"आणि ऑफसाइड नसेलच तर?" दिदिये म्हणाला. "त्या पॅरिसवाल्यांनी रेघ कुठे मारली कोणाला ठाऊक. आपल्याला खाली घालवायचंच होतं त्यांना."

"त्यातला एक आपल्याच गावात राहतो म्हणे," कोरीन म्हणाली.

पुरवणीतली गुलाबाची छाटणी माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागली.

"ते मीही ऐकलंय. पण तुला कोण म्हणालं?"

"माझ्या वहिनीची बेकरी आहे ना कालव्याजवळ. तिथे एक बाई येते रोज, परदेशी, गोड आहे बोलायला. ती म्हणाली होती, नवरा फुटबॉलच्या व्हिडिओत असतो म्हणून."

शलाकाला माणसांशी बोलायची फार हौस. बेकरीवालीला तिने आमच्या लग्नाचे फोटोसुद्धा दाखवले होते. मी खिशातला फोन चाचपला. 'दार लावून घे' असं कळवावं, तर ती लगेच उलटा फोन करून का म्हणून विचारणार. आणि बेकरी आमच्या घरापासून चार दारं सोडून.

"मग सोपं आहे," दिदिये म्हणाला. "दोघंही गावातच आहेत. फक्त कोणाकडे जायचं ते ठरवायचं. स्टेशनवर आपली आणखी मंडळी थांबली आहेत."

या सगळ्या वेळात माझ्या समोरच्या खिडकीशी बसलेला माणूस एक अक्षर बोलला नव्हता. साठीकडे झुकलेला, रुंद हाडाचा, हातांच्या रेषांत वंगण मुरलेलं. जून उजाडायला आला होता तरी त्याने लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. गळपट्टा नव्हता, त्यामुळे मला तो आधी आपल्यासारखाच त्रयस्थ वाटला. तो सारखा फोन कानाला लावायचा, ऐकायचा आणि खाली ठेवायचा. पुन्हा लावायचा. एकदा त्याने फोन घाईने ठेवला तो टेबलावरून घसरून माझ्याकडे आला. मी उचलून दिला. पडद्यावर लाल-करड्या सदऱ्यातल्या, दात पडलेल्या एका पोराचा फोटो होता आणि खाली नाव होतं, रेमी.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं हे त्याला कळलं. त्याने दिदियेच्या दिशेने नुसते डोळे हलवले आणि मान अगदी थोडी डोलावली, नाही म्हणून. मी पुरवणीत तोंड घातलं.

म्हणजे व्हिडिओवाला आणि पोराचा बाप, असे आम्ही दोघे गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो, आणि ज्यांच्यापासून लपायचं ते शेजारी. रेघ बरोबर असेल तर त्याच्या मुलाचं मरण, चुकीची असेल तर माझं. इतकं साधं गणित मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मला त्या माणसाची दया आली आणि त्याच वेळी, का लपवा, आपल्याऐवजी त्याच्यावर गेलं तर बरं, असंही वाटून गेलं. भीतीने माणसाच्या मनात काय काय येतं.

एवढ्यात माझा फोन वाजला.

माझ्या फोनवर हलगी वाजते. साऱ्या डब्याने माना वळवल्या. नाव दिसलं, धैर्यशील दादा. मी कापला. पुन्हा हलगी. पुन्हा कापला. आमचा दादा असा की तुम्ही जिवंत असेपर्यंत तो फोन करत राहणार. तिसऱ्यांदा वाजायच्या आत मी उचलला, फक्त हलगी थांबावी म्हणून.

"काय रं इंद्या, मेलास का काय?" पलीकडून दादाचा आवाज. रविवारचं मटण जेवून तो तालमीच्या कट्ट्यावर बसला असणार, मागे चार जणांचा गलका होता. "आख्खी पेठ काल टीव्हीफुडं बसली हुती. त्यो ऑफसाइड तूच काढलास न्हवं? म्या सगळ्यास्नी सांगून टाकलंय, आमचा इंद्या बसलाय व्हीएआरला म्हणून."

मी हळू आवाजात म्हणालो, "दादा, नंतर बोलू का? गाडीत हाय."

"गाडीत हैस तर काय झालं? तिथं कोण मराठी समजणाराय?"

खरंच की. रात्रभर मी कोणाशी बोललो नव्हतो. शलाकाला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं, सहकाऱ्यांशी बोलायची बंदी. आणि मराठी म्हणजे अंगावर पांघरूण घेतल्यासारखं वाटलं. वाटलं, यांच्या नाकासमोर बसून सगळं सांगितलं तरी यांना काय कळणार? आपल्या लोकांची ही खोड जगात कुठेही जात नाही. समोरचा परका दिसला की आपण मराठीत बिनधास्त सुटतो.

"दादा, लई वाईट वाटतंय रं," मी म्हणालो. "व्हय, फ्रेम मीच लावली. कोर्व्हियेचा तो रेमी वासर, त्याच्या बुटाचं टोक तेवढं ऑफसाइड. व्हीएआर रेफरीनं मला तीनदा फ्रेम मागंफुडं करायला लावली. मागच्या फ्रेमात पोरगं ऑनसाइड, फुडच्या फ्रेमात ऑफसाइड. आता ही सगळी कोर्व्हियेची माणसं माझ्या बाजूला बसल्यात, आणि मला..."

बोलता बोलता मला जाणवलं की डबा गप्प झालाय.

कोर्व्हिये. रेमी वासर. व्हीएआर. ऑफसाइड. रेफरी. पांघरुणातून बाहेर राहिलेले पाय असावेत तसे माझे हे शब्द मराठीच्या बाहेर उघडे पडले होते. त्यांना मधलं काहीच कळलं नव्हतं, आणि कळायची गरजही नव्हती. कोरीन माझ्याकडे निरखून पाहत होती.

"इंद्या? आरं बोल की," दादा म्हणत होता. मी फोन बंद केला.

"हाच तो," कोरीन म्हणाली. "फोटोत पाहिलाय मी. त्या बाईनेच दाखवला होता, वहिनीच्या बेकरीत."

दिदियेने ढोल शेजारच्याकडे दिला आणि उठला. बसलेला होता तेव्हा इतका मोठा वाटला नव्हता. त्याने माझ्या सीटच्या पाठीवर एक हात ठेवला आणि टेबलावर दुसरा. मी मधे.

"खरं का हे?"

मी मान डोलावली, हो म्हणून. मागे कोणीतरी फोन काढून माझ्यावर धरला. पुढे माझी नोकरी गेली ती त्या चित्रफितीमुळेच, पण तेव्हा नोकरीचा विचारही डोक्यात नव्हता. पुढचं स्टेशन कुठलं, दार किती लांब आणि दात पडले तर जेवायचं कसं, असले विचार होते.

"मारामारी नंतर," दिदिये म्हणाला. त्याचा आवाज शांत होता आणि म्हणूनच जास्त भयंकर. "आधी एका शब्दात उत्तर दे. ऑफसाइड होता की नव्हता?"

मी समोर पाहिलं. तो टोपीवाला माणूस टेबलाची कड धरून बसला होता. हो म्हटलं तर हे सगळे याच्या घरी. नाही म्हटलं तर ते खोटं, आणि शलाका घरी एकटी.

"एका शब्दात नाही सांगता येणार," मी म्हणालो. "चित्रं असतात... दोन चित्रांच्या मधे..."

"शाळा नको घेऊ माझी. हो की नाही?"

"थांबा," समोरचा माणूस म्हणाला.

त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. खालून निघालेला चेहरा बघून कोरीनने तोंडावर हात घेतला. गावातल्या बसगाड्या दुरुस्त करणारा जेरार वासर, हे मला नंतर कळलं. त्याला सगळेच ओळखत असणार.

"जेरार?" दिदिये म्हणाला. "तू इथे काय करतोयस?"

"सामन्याला गेलो होतो. रेमी खेळत असला की मी तुमच्यात बसत नाही. त्याला शिव्या बसतात ते ऐकवत नाही." तो सावकाश बोलत होता, प्रत्येक शब्द ओझं उचलल्यासारखा. "तुम्ही मघापासून काय म्हणताय ते ऐकतोय मी. घरी जायचं असेल तर जा, दार उघडंच आहे. पण रेमी घरात नाही. संघ मध्यरात्री विमानाने परतला. पहाटे हा माझी गाडी घेऊन निघून गेला. त्याच्या आईला म्हणाला, मी गावाला खाली घातलं. तेव्हापासून फोन उचलत नाही. माझाही नाही, आईचाही नाही."

गाडी एका पुलावरून गेली.

मला वाटत होतं तो त्या लोकांना घाबरलाय, माझ्यासारखाच. त्याला त्या लोकांचं काहीच पडलेलं नव्हतं. त्याने टोपी ओढली होती ती मधेच कोणी ओळखून भांडण काढलं तर फोन वाजलेला ऐकू येणार नाही म्हणून. त्याच्यासमोर माझी भीती किती लहान होती ते मला त्या क्षणी कळलं, आणि ती गेली नाही, नुसती मोठी होऊन माझ्यावरून त्याच्यावर सरकली.

"पहाटेपासून?" दिदिये म्हणाला.

"फक्त एक निरोप आला." जेरारने फोन वळवून माझ्यासमोर धरला, दिदियेसमोर नाही. पडद्यावर एवढंच होतं: बाबा, मी खरंच बाहेर होतो का?

"मी काय उत्तर देऊ?" तो मला म्हणाला. "नव्हतास म्हटलं, तर म्हणेल बाप आहे म्हणून बोलतोय. म्हणून मीही तुम्हाला तेच विचारतो. पण मला नका सांगू. त्याला सांगा."

"तो उचलत नाही म्हणालात ना."

"तुम्ही त्या खोलीत होता असं कळलं तर उचलेल. त्याला दुसरं काही नकोय."

जेरार निरोप लिहायला लागला, पण अंगठे त्याचं ऐकेनात. एका शब्दाच्या जागी भलतंच उमटायचं. दिदियेने ते दोनदा पाहिलं. मग त्याने टेबलाला टेकवलेला हात उचलला, फोन जेरारच्या हातातून घेतला आणि जाड बोटांनी स्वतः लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं: "माझ्यासमोर तो माणूस बसलाय ज्याने रेघ ओढली. तो खरं सांगेल. फोन कर." पाठवला आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवला.

आम्ही सगळे त्या फोनकडे पाहत राहिलो. सगळे म्हणजे अख्खा डबा. मागचे लोक उठून जवळ आले. ज्याने माझ्यावर फोन धरला होता त्याने तो खिशात घातला. कोरीन माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसली, तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. बीटची शेतं गेली, एक छोटं स्टेशन न थांबता गेलं. तिकीट तपासनीस आला, गर्दी बघून काही विचारणार होता, दिदियेने ओठांवर बोट ठेवलं तसा तोही थांबला.

"लागली असेल झोप त्याला," कोरीन हळूच म्हणाली.

फोन वाजला.

जेरारने तो उचलून स्पीकरवर टाकला आणि माझ्याकडे सरकवला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"रेमी?" मी म्हणालो.

"तुम्ही खरंच तिथे होता?" आवाज बसलेला, पोरसवदा.

"हो. चित्र मीच थांबवलं."

"मग सांगा. मी बाहेर होतो?"

या क्षणाइतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. दिदियेच्या हाताखाली बसलो होतो तेव्हासुद्धा नाही. तेव्हा फार तर दात पडले असते. आता माझ्या एका शब्दाने पलीकडचं पोर काय करेल याचा अंदाज नव्हता. खोटं बोलावंसं फार वाटलं. नव्हतास रे बाळा, आमची चूक झाली, जा घरी. पण त्या क्षणी मैदानावर तो स्वतः धावला होता, आणि जन्मभर तोच क्षण तो उगाळत बसणार होता. खोटं त्याला पुरलं नसतं. मी जेरारकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले आणि मान हलवली, सांगा म्हणून.

"नियमाप्रमाणे होतास," मी म्हणालो. "बुटाच्या टोकाएवढा."

पलीकडचा श्वास थांबला. कोरीनने माझं मनगट धरलं.

"रेमी, ठेवू नको. अजून पुरं झालं नाही माझं. दोन चित्रं होती. पहिल्यात चेंडू पायाला लागायचाय आणि तू आत आहेस, सरळ आत. दुसऱ्यात चेंडू सुटलाय आणि तुझं टोक बाहेर. चेंडूला पाय लागला तो या दोहोंच्या मधे कुठेतरी. तिथलं चित्रच नाही. कोणाकडेच नाही. मग नियम सांगतो की चेंडूला पाय लागलेलं पहिलं चित्र घ्यायचं, म्हणून आम्ही दुसरं घेतलं. तू बाहेर होतास हे नियमाने ठरवलं. खरं काय होतं ते मला माहीत नाही, पंचांना नाही, आणि तुलाही कधी कळणार नाही."

"म्हणजे मी घाई नव्हती केली?"

"नाही. पास निघतानाच निघालास. त्याहून बरोबर कोणी धावू शकत नाही."

"सगळे म्हणतायत मी घाई केली म्हणून. आणि गोल? तो कसा होता? मला काहीच आठवत नाही. मी मारला, मग सगळे माझ्या अंगावर पडले, मग पंचाने हात वर केला. आता तो कुठे दाखवतसुद्धा नाहीत. नुसत्या रेघा दाखवतायत. साखळीतला माझा पहिला गोल होता तो."

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला उत्तर माहीत नाही. आमच्या खोलीत आम्ही गोल बघत नाही. पास बघतो, पाय बघतो, रेघ बघतो. चेंडू जाळ्यात जातो तेव्हा आम्ही चित्र मागे नेत असतो.

"मी पाहिला नाही," मी म्हणालो. "माझं कामच असं..."

"मी पाहिला," दिदिये म्हणाला.

तो फोनवर वाकला. त्याचा मोठा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आला होता, डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"दिदिये बोलतोय. ढोलवाला. गोलच्या मागेच होतो आम्ही सगळे. ऐक. पास उंच आला, तुझ्या खांद्याच्या मागून. मला वाटलं गेला वाया. तू वळून बघितलंसुद्धा नाहीस. छातीवर घेतलास तो, असा, आणि खाली पडू दिला. गोलकीपर धावत पुढे आलेला. दुसरा कोणी असता तर घाबरून ताडकन मारला असता. तू थांबलास."

"एक टप्पा घेऊ दिला चेंडूला," मागून कोणीतरी म्हणालं.

"हो, एक टप्पा घेऊ दिलास. गोलकीपर खाली बसला. आणि तू डाव्या पायाने, तुझ्या त्या नावडत्या डाव्या पायाने, त्याच्या डोक्यावरून उचलून टाकलास. सावकाश. इतका सावकाश की कोरीन देवाचं नाव घेऊन मोकळी झाली तरी तो हवेतच."

"मी रडले रे," कोरीन फोनकडे बघून म्हणाली. "रद्द झाला तेव्हा नाही, त्याच्या आधी. गोल झाला तेव्हाच."

"तीस वर्षं ढोल बडवतोय मी," दिदिये म्हणाला. "इतका देखणा गोल आपल्या कोणी केलेला पाहिला नाही. मोजला नाही त्यांनी, नाही तर नाही. आम्ही पाहिलाय ना?"

पलीकडून आवाज आला तो रडण्याचा होता. लहान मूल रडतं तसा, हुंदके देत, न लाजता. त्याच्यामागे कुठेतरी बदकं ओरडत होती. जेरारने ती ऐकली आणि तो एकदम ताठ बसला. कोर्व्हियेत बदकं एकाच ठिकाणी असतात, कालव्याच्या बांधापाशी. तिथे रस्ता सरळ पाण्यात उतरतो.

त्याने फोन ओढून तोंडाजवळ धरला.

"रेमी, मी बाबा. बांधावर आहेस का?"

"हो."

"गाडीत?"

"हो."

"इंजिन बंद कर बाळा."

आम्हाला आतापर्यंत इंजिनाची घरघर जाणवलीच नव्हती. ती बंद झाली तेव्हा कळली.

"आता दार उघड," जेरार म्हणाला. "आणि खाली उतर. मी ऐकतोय."

काहीच झालं नाही. दिदियेने माझ्या खांद्यावर ठेवलेला हात घट्ट आवळला होता, तो हात तिथे कधी आला मला कळलं नव्हतं. मग कडी सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा आला, आणि थोड्या वेळाने खडीवर पावलं वाजली. जेरारने फोन टेबलावर ठेवला आणि ती पावलं बांधापासून लांब जाईपर्यंत आम्ही सगळे ऐकत बसलो.